तीन आठवडे झाकण उघडू नये

२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र हातात घेतलंस की तू आधी तारीख बघणार, म्हणून ती ठळक लिहिली आहे. नर्सिंगची तोंडी परीक्षा वीस मार्चला आहे. मागल्या वर्षी मी परीक्षकबाईंसमोरून उठून चालती झाले, हे तुला ठाऊक आहेच. या वेळी तसं झालं तर कॉलेज नाव काढून टाकणार. अभ्यास झाला आहे, पण पुस्तक मिटलं की डोक्यात चक्र सुरू. हात थरथरेल, ट्रे पडेल, नावं आठवणार नाहीत. खोलीतली मैत्रीण म्हणते, विचार करू नकोस. तिला म्हटलं, ते जमत असतं तर कधीच केलं असतं.

बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. ते तसेही बोलत नाहीत. खुर्च्यांच्या गाद्या ठोकताना दिवसभर तोंडात बारीक खिळे धरतात, ती सवयच झाली आहे. मागल्या वर्षी मी घरी आले, तेव्हाही खिळे तोंडातच होते.

लोभ आहे, तो परीक्षेपर्यंत तरी दुप्पट करावा.

— ठकू


७ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तारीख खरंच आधी बघितली. आता ऐक. आमच्या प्रयोगशाळेत रोग्याच्या घशातला नमुना काचेच्या ताटलीत पसरतात आणि उबेच्या पेटीत ठेवून देतात. काय उगवायचं ते दोन दिवसांत उगवतं. तोवर झाकण उघडायचं नाही. उघडलं की ताटली बाद. तीस वर्षं हेच करते आहे. बऱ्याच ताटल्यांत काहीही उगवत नाही.

तूही तेच कर. काळजी आली की एका कागदावर एकच लिही, पण नेमकी. ‘सगळं वाईट होईल’ असला नमुना आम्ही परत पाठवतो. पाकीट चिकटव, वर आकडा टाक, ‘बंद’ असं लिही आणि मला पाठव. तुझ्या काळज्यांना दोन दिवस पुरायचे नाहीत, तीन आठवडे ठेवीन. परत आलं की उघड आणि खाली शेरा मार, उगवलं किंवा नाही उगवलं. मी वाचणार नाही. चोंबडी आहे, पण कामात नाही.

वेळेवर जेव. आशीर्वाद नेहमीचेच, या वेळी जरा जास्त भरून.

— आत्या


४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पहिली चार पाकिटं मिळाली. ट्रे पडेल, नाही उगवलं. इंजेक्शन देताना हात थरथरेल, उगवलं, पण रोग्याला पत्ताही लागला नाही. वॉर्डातल्या सिस्टर सगळ्यांदेखत ओरडतील, उगवलं. ओरडल्या, आणि मग चहा पाजला. चहाचं काही मी लिहिलं नव्हतं. चौथं काय होतं तेच मला आठवत नव्हतं, उघडून वाचलं तेव्हा स्वतःचीच लाज वाटली.

सहावं पाकीट काल टाकलं आहे. ते जरा जपून ठेव.

— ठकू


८ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

एक गुन्हा कबूल करते. सहाव्या पाकिटावर तू ‘बंद’ लिहायला विसरलीस, आणि मी साधं पत्र समजून फोडलं. तिसऱ्या ओळीला लक्षात आलं. तरी शेवटपर्यंत वाचलं. चोंबडेपणा कामातही शिरला म्हणायचा.

नियमाने ही ताटली बाद. सोबत परत पाठवते. पुन्हा लिही, पण हिच्यावरून उतरवून काढू नकोस, नवा नमुना घे. वाचलं त्यावर मी काही बोलणार नाही. वाचून वाईट वाटलं, एवढंच सांगते. माझ्यावर रागाव हवं तर, पण लिही.

— आत्या


१२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दीड दिवस रागावले. मग लिहायला बसले. पहिल्या वेळी लिहिलं होतं की मी पुन्हा उठून जाईन. या वेळी ते वाक्य आलंच नाही. आलं ते असं, की मी घरी जाईन आणि बाबा काहीच बोलणार नाहीत. परीक्षकबाईंचं नावही नव्हतं त्यात. वर्षभर मी उगाच त्या बाईंना घाबरत होते.

हा कागद तुला पाठवत नाही. पाकीट न चिकटवता बाबांना पाठवला. ते वाचून काय करतील, ही नवी काळजी लागली आहे. तिचं सातवं पाकीट सोबत आहे. या खेपेला ‘बंद’ दोनदा लिहिलं आहे.

— ठकू


१६ मार्च

चि. ठकूस,
अ. आ.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. काय करावं ते तुझ्या आत्याला विचारलं. ती म्हणाली, तूही एक लिही. सोबत पाकीट आहे. परीक्षा झाल्यावर उघड. काम बरं चाललं आहे.

— बाबा


२१ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

परीक्षा झाली. नऊ प्रश्न विचारले. दोन आले नाहीत. आठवत नाही असं सांगितलं आणि बसून राहिले. खुर्चीची गादी एका कोपऱ्यात सुटली होती, सगळा वेळ माझं बोट तिथेच फिरत होतं. निकाल पंधरा दिवसांनी लागेल.

जिन्यावरूनच बाबांना फोन लावला. म्हटलं, शेवटपर्यंत बसले.  पलीकडून डबीत खिळे पडल्याचा आवाज आला, एकेक करून. मग त्यांनी विचारलं, न आलेले दोन प्रश्न कोणते. मी सांगितले. बराच विचार करून ते म्हणाले, त्यांनाही आले नसते.

फोन ठेवून त्यांचं पाकीट फोडलं. आत एकच ओळ होती. पोरगी फोन करेल आणि मला बोलता येणार नाही.

खाली शेरा मारला आहे आणि तो कागद सोबत पाठवते आहे. हा मात्र तू वाच.

लोभ आहेच, तो तुझ्या दादावरही, म्हणजे बाबांवरही, असू दे.

— ठकू