बांधाची फळी

तीर्थरूप बाबांना, धाकट्याचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरा आहे. खोली कोरडी आहे, कामावर दोन्ही वेळा गरम जेवण मिळतं. खोकला थांबलाय, आईला सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

ताईने कळवलं, की तुम्ही हल्ली शेताकडे फिरकत नाही. भरतीआधी खारं पाणी अडवायला बांधाच्या तोंडाला फळी लावायलाही शेजारच्या काकांना बोलावता.

माझ्या रजेत खारं पाणी शिरून उभं पीक जळलं, तेव्हा काका हसत म्हणाले होते, "म्हाताऱ्याने आता समुद्रालाही दार उघडं ठेवलं." तुम्ही मान खाली घातलीत. "विसरलो असेन," एवढंच म्हणालात.

बाबा, तुम्ही विसरला नव्हतात. फळी लावूनच तुम्ही घरी आला होतात. नंतर मासे धरायला मी ती उचलली आणि परत न लावताच घरी आलो. सकाळी तुमच्या शेजारी उभा होतो, पण सांगायला जीभ रेटली नाही. चार दिवसांनी निघालो, तेव्हाही नाही.

ताईला हे पत्र मोठ्याने वाचायला सांगा. काका ओट्यावर येऊन बसले, की मगच.

तुमचा,
धाकटा