आईच्या डाव्या डोळ्याची बंदूक

जॉर्डन, मोंटाना
११ फेब्रुवारी १९५७

चि. सौ. लोरेना हिस,
ओरिनदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक. बर्फ अजून कुंपणाच्या वर आहे. मेंढ्यांपर्यंत गवत पोचवता पोचवता माझी कंबर गेली. आई मजेत आहे. माझ्या हातचे पॅनकेक खाऊन काल म्हणाली की हे छपरावर ठोकले तर गळती थांबेल. यावरून प्रकृती उत्तम आहे असं समज.

एक बातमी आहे. आईची विंचेस्टर विकली. तिचंच म्हणणं होतं. उरलेल्या डोळ्यालाही आता धुरकट दिसतं, तर बंदूक कोपऱ्यात गंजण्यापेक्षा कुणा हौशी माणसाच्या घरी जाऊ दे, म्हणाली. जुन्या बंदुका घेणारा क्विम्बी नावाचा व्यापारी गावात आला होता, त्याला घरी आणलं. त्याने बंदूक उजेडात धरली आणि नाक मुरडलं. नळी अस्सल आहे म्हणे, पण हा वाकडा दस्ता काही कारखान्याचा नाही. कुण्या दारुड्या सुताराने चांगल्या बंदुकीचं वाटोळं केलंय. आई समोरच बसली होती. मी तोंड उघडणार, तर तिने हातानेच मला गप्प केलं. त्याने जे हातावर टेकवलं त्यात एक बरी मेंढीही आली नसती. तो गेल्यावर आई एवढंच म्हणाली की तुझ्या बापाने जन्मात दारूला हात लावला नाही. मग जेवलीच नाही.

रॉस्कोला नमस्कार, मुलांना पापा. माया आहे तशीच राहू दे.
तुझा
ओरिनदादा


डेन्व्हर, कोलोरॅडो
२२ एप्रिल १९५७

ती. ओरिनदादास,
धाकट्या लोरेनाचा सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच, कारण मी उभ्यानेच लिहितेय, इतका संताप झालाय.

काल रॉस्कोने मला जुन्या हत्यारांच्या प्रदर्शनाला ओढत नेलं. नवरे हत्यारं बघतात आणि बायका बाकांवर बसून पाय चोळतात, असलं ते प्रदर्शन. एका काचेच्या पेटीत लाल मखमलीवर कोण निजलंय म्हणून बघते, तर आपली विंचेस्टर! शेगडीवर टेकून दस्त्याला पडलेला काळा डाग मी हजार बंदुकांत ओळखीन. आणि खाली पाटी काय? ‘काणा मार्शल डेल्बर्ट रूक याची बंदूक. त्याच्या एका डोळ्यासाठी कारखान्याने मुद्दाम घडवलेला दुर्मीळ दस्ता.’ शेजारी कुणा विद्वानाचं प्रमाणपत्र, आणि वर त्या मार्शलचा फोटो, ताडमाड माणूस!

घेताना दारुड्याचं काम आणि विकताना दुर्मीळ! दादा, तू गप्प कसा बसलास? त्याला सांगायचं नाहीस, की कुंपणाची तार तुटून आईचा उजवा डोळा गेला, घोड्यावरून पडल्यापासून डाव्या खांद्याला धक्का सोसत नव्हता, म्हणून बाबांनी अख्खा हिवाळा अक्रोडाचं लाकूड तासलं? दस्ता उजव्या खांद्याला आणि नळी डाव्या डोळ्यासमोर, असं जगात दुसऱ्या कुणी केलं होतं?

मी क्विम्बीला हे सगळं तोंडावर सांगितलं. तो गोड हसला. म्हणाला, दर प्रदर्शनात एक तरी बाई येऊन माझी बंदूक तिच्या आईची असल्याचं सांगते. वर मला कॉफी देऊ केली! रॉस्कोने दंड धरला नसता तर ती कॉफी त्याच्या शर्टावर गेली असती.

जूनमध्ये तो बिलिंग्जच्या प्रदर्शनात येणार आहे. आईला सांग. तू नाही सांगितलंस तर मी फोन करीन, आणि तुमच्या सामाईक लाइनवरच्या साऱ्या शेजारणी कान लावून ऐकतील.

रागाने लिहिलंय, पण राग तुझ्यावर नाही, थोडाच आहे. लोभ कमी करू नकोस.
तुझी
लोरेना


जॉर्डन
१७ जून १९५७

चि. सौ. लोरेना हिस,
दादाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं होतं. तिने ते दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, लोकर कातरून कधी होईल. झाली, तशी अंत्यविधीला घालते ती काळी टोपी तिने चढवली आणि ट्रकमध्ये जाऊन बसली. बिलिंग्जपर्यंत ती टोपी उतरली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ओमाहाचा टिल्डन नावाचा दंतवैद्य चेकबुक उघडून बसला होता. क्विम्बीने आईला ओळखलं नाही. ओळखेल कसा? आपल्या घरी त्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं! आईने बंदूक हातात मागितली. म्हाताऱ्या बाईची हौस म्हणून त्याने हसत दिली. तिने ती उजव्या खांद्याला लावली मात्र, नळी सरळ डाव्या डोळ्यासमोर.

मग तिने बंदूक क्विम्बीलाच दिली आणि लावून दाखवा म्हणाली. आईच्या मापाचा दस्ता इतका आखूड, की त्या लांबड्याचा अंगठा त्याच्याच नाकावर आपटला. आईने विचारलं, तुमचा मार्शल केवढा होता? गर्दीतून कुणीतरी पाटी वाचली, सहा फूट दोन इंच. लोक हसायला लागले. तेवढ्यावर ती थांबते का? फोटोला जवळजवळ नाक लावून म्हणाली, पट्टी तर याच्या डाव्या डोळ्यावर आहे. उजवा धडधाकट असताना याला वाकडा दस्ता कशाला हवा? क्विम्बी चाचरत म्हणाला, फोटो उलटा छापला गेलाय. आई म्हणाली, मग कोटाची बटणंही उलटली असती, ती तर पुरुषांच्याच बाजूला आहेत. आणि हेही ऐका, ज्या दारुड्या सुताराला तुम्ही माझ्या घरात बसून शिव्या दिल्यात, त्याची मी बायको.

टिल्डनने चेकबुक मिटलं. प्रदर्शनवाले गोळा झाले. क्विम्बीने प्रमाणपत्र खिशात कोंबलं आणि त्याने दिले होते तेवढेच पैसे घेऊन बंदूक परत केली. एक ठोसा मी मनातल्या मनात दिला.

बाहेर टिल्डन टोपी काढून आला आणि आता हीच बंदूक तिच्या खऱ्या गोष्टीसकट मला विका म्हणाला. आईने विचारलं, पाहुण्यांना काय सांगाल? तो म्हणाला, जे आज पाहिलं तेच. तिने बंदूक त्याच्या हातात दिली. येताना ट्रकमध्ये ती रडली, गं. मी रस्त्याकडेच बघत राहिलो.

आठवण ठेव, पत्र टाक.
तुझा
ओरिनदादा


जॉर्डन
३० जुलै १९५७

चि. सौ. लोरेना हिस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. अक्षर वेडंवाकडं आहे, चालवून घे. हे मी ओरिनला लिहू दिलं नाही, तो गुळमुळीत लिहितो.

त्या दंतवैद्याने बंदूक दिवाणखान्यात लावलीय आणि खाली लावायची पाटी माझ्याकडे पसंतीला पाठवलीय. भला माणूस आहे. पण पाटी काय, तर ‘थॅडियस केलर, मेंढपाळ, यांची बंदूक. पत्नीच्या सोयीसाठी दस्ता बदललेला.’

सोयीसाठी! पाय पुसायला दारात गोणपाट टाकतात त्याला सोय म्हणतात. तुझ्या बाबांनी दोन दस्ते घडवून चुलीत घातले, तेव्हा तिसरा माझ्या डोळ्याला लागला. रोज संध्याकाळी मला उभं करून खांद्याचं माप घ्यायचे आणि स्वतःवरच चिडायचे. आणि बंदूक त्यांची कधीपासून झाली? त्यांना दहा पावलांवरचं कोठार नेमात धरता येत नव्हतं. कळपावर कोल्हे आले की गोळी मी झाडायची आणि ते कंदील धरून उभे राहायचे. एवढे खटाटोप करून एक काणा मार्शल हाकलला, तर त्याच्या जागी माझाच नवरा आणून बसवला!

पाटी परत पाठवलीय. मागच्या बाजूला मजकूर लिहून दिलाय, ‘ऑगस्टा केलरची बंदूक. दस्ता घडवणारा थॅडियस, तिचा नवरा.’ नावं याच क्रमाने हवीत असं बजावलंय.

मुलांना जपा. म्हातारीवर जीव असू द्या.
तुझी
आई