कांगारूची पिशवी

२ डिसेंबर, सोमवार

फ्रिजचं खोकं मिळालं! शेजारी शिल्पाकडे नवा फ्रिज आला, तिनंच खोकं ढकलत आणून दिलं. "काकू, गुंजनच्या प्राण्यांले होईन." होईन काय, एवढ्यात अख्खं जंगल निघेल. गुंजन आत शिरून बसली ती दुपारभर बाहेर नाही. जेवणही आतच.

बारा तारखेला गुंजन, माझी नात, पाच वर्षांची होईल; वाढदिवसाला सगळ्यांनी प्राणी व्हायचं. सिविक सेंटरच्या बाजारात तयार मुखवटे मिळतात, पण तिला घरचेच हवेत. "मम्मी घरीच बनवते." बनवायची खरी. मागच्या वर्षी प्रांजलीनं नाइट करून आल्यावर न झोपता कागदाचे मासे कापले होते, दोऱ्याला लावून पंख्याला टांगले. एक अजून तिथेच आहे. त्याच्यासाठी आम्ही अख्खा उन्हाळा पंखा एकवर चालवला.

आठ महिने झाले माझ्या सुनेला जाऊन. पोरीला अजून सांगितलेलं नाही. मीच नाही सांगितलं.

४ डिसेंबर, बुधवार

भंडाऱ्याहून सिंधुताईचा फोन. मोठी बहीण, तिला विचारल्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही असं तिला वाटतं. "वर्ष नाई झालं रमा, अन् तू वाढदिवस करून राहिली? लोक काय म्हणतीन?" म्हटलं, म्हणू दे. मग तीच — "पोरीले सांगतलं का?"

म्हटलं, कुकरची शिट्टी झाली, ठेवते. कुकर लावलाच नव्हता.

५ डिसेंबर

इथे तरी नीट लिहावं.

एप्रिलमध्ये प्रांजलीला ताप आला. आठव्या दिवशी रायपूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. गुंजन झोपेत होती. उठली, मम्मी कुठाय? मी म्हटलं, ड्युटीवर. सहज निघालं तोंडातून. या गावात या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. तीस वर्षं हे इथल्या स्टील प्लँटमध्ये होते, सुजयला मी रोज हेच सांगितलं. बाबा कुठं — ड्युटीवर. आणि बाबा यायचे. आता सुजय त्याच प्लँटच्या मिलमध्ये, प्रांजली नर्स. दोघांचीही ड्युटी. जातात ते येतात, एवढं पोरीला पक्कं ठाऊक.

दोन दिवसांनी सगळं संपलं. तेरवी होईपर्यंत गुंजन शिल्पाकडे. घरी आली तशी चप्पलही न काढता पुन्हा तेच — मम्मी कुठाय? सुजय बाजूलाच उभा होता, भिंतीकडे बघत. मी म्हटलं, लांबची ड्युटी लागली. "कब छूटेगी?" म्हटलं, पाहू.

त्या "पाहू"वर आठ महिने काढले! फोटोला हार घालून भिंतीवर लावायचा, तोही लावला नाही. कपाटात साड्यांखाली ठेवलाय. साडी काढायला गेले की मी एकटीच बघते.

७ डिसेंबर, शनिवार

खोकं कापलं. कात्रीनं अंगठ्याला फोड आला. हिरवा रंग संपला, मगर अर्धी पोपटी झाली.

कोणी काय व्हायचं ते गुंजन ठरवते. ती ससा. शेजारचा गोलू अस्वल, कारण तो अंघोळीला रडतो. मी हत्ती. "आजीचे पाय दुखतात ना, हत्तीपण धीरे धीरे चालते." आणि सुजय घुबड! "पप्पा रात्री जागते अन् बोलत नाई." सिंधुताईला कळलं तर ती भंडाऱ्याहून चालत येईल मुखवटा फाडायला.

घुबडाला दाखवलं. हसला नाही. हसला असता पूर्वी.

तो बूट घालत होता तेव्हा गुंजननं त्याच्या गळ्यातला गेट पास धरला. रोजचं आहे. फोटोला बोट लावते, आपल्या पप्पाचा फोटो बरोबर आहे का बघते. "हे नसलं तर?" "नसलं तर गेटवरून परत पाठवतेत." "फिर?" "फिर काय, घरी येऊन झोपायचं." गेला.

८ डिसेंबर

गुडघा ठणकतो आहे. शेपट्या राहिल्या.

९ डिसेंबर, सोमवार

शाळेतून आली ती दप्तरासकट माझ्यापुढे. "आजी, मम्मीचा मुखवटा रायला."

हातातली शेपटीची लोकर तशीच राहिली. काय करायचं मम्मीला? — कांगारू. टीव्हीवर पाहिलं होतं तिनं. "तिले पोटाला पिशवी पायजे. मी त्यात बसन."

केला. काय करणार! कानांना आतून गुलाबी लावलं, तिनं सांगितलं तसं. पिशवी पुठ्ठ्याची होईना, वाकत नव्हती. शेवटी प्रांजलीचा जुना स्वयंपाकाचा एप्रन काढला, त्याचा खिसा उसवला आणि मुखवट्याखाली दोऱ्यानं टाचला. खिशाच्या कोपऱ्यात हळदीचा डाग आहे. तो धुतला तरी जात नव्हता म्हणून ती चिडायची.

टाचून झाल्यावर गुंजन म्हणाली, "बर्थडेले तर छुट्टी मिळन ना मम्मीले? पप्पाच्या दोस्तले मिळते."

मी म्हटलं, पाहू.

जीभ झडायला हवी होती माझी. पोरगी उड्या मारत गोलूला सांगायला गेली.

१० डिसेंबर, मंगळवार

सुजयशी भांडण. दुपारी, गुंजन शाळेत असताना.

मी म्हटलं, आता सांगायलाच पाहिजे, तू सांग. बाप आहेस.

"ड्युटी म्हणून तूच सांगतलं न आई? मले विचारून सांगतलं का?"

तू बाजूला उभा होतास, म्हटलं. गप्प राहिलास.

"मग काय बोलू? तोंड उघडलं असतं तर मी तिथंच पडलो असतो." मग हळूच, "बर्थडे होऊ दे. मग सांगू."

होऊ दे म्हणे! पोरगी त्या दिवसाचीच वाट बघते आहे. मी तसं म्हटलं. तो उठून गेला, ताटावरून. आठ महिन्यांत एक रजा घेतली नाही त्यानं. कुणी आलं नाही की याची डबल शिफ्ट. घरात पाय ठेवला की झोप, नाहीतर ड्युटी. बायको गेली त्याची, कळतं मला. पण माझीही लेकच गेली, आणि मी मगरी रंगवते आहे.

११ डिसेंबर

चार वेळा सांगायला बसवलं गुंजनला. चारही वेळा वेणी घालून उठले.

१२ डिसेंबर, गुरुवार

सकाळ. सुजय सहाच्या शिफ्टला गेला, दोनला सुटतो, अडीचला घरी. तो आला की दोघं मिळून सांगू, एवढं काल रात्री तो कबूल झाला. मुलं चारला येतील.

कुकरच्या केकचं कासव झालं, पाठीला बिस्किटं लावली. सांबारवड्या लांबट वळल्या, टोकाला दोन लवंगा डोळे — मगरी. शिल्पा म्हणाली, काकू, कोथिंबिरीच्या म्हणून मगरी खऱ्याच हिरव्या वाटतात आतून. माकडांसाठी केळी-फुटाणे वेगळे.

अडीच वाजून गेले. सुजय नाही. फोन उचलत नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

काल नंतर काही लिहिता आलं नाही.

चारला सात मुलं आली. अस्वल, वाघ, दोन माकडं. एक मुलगी घरूनच मोराचं पीस खोचून आली. अर्धा तास घर डोक्यावर घेतलं. गुंजन एवढी हसली की कान निसटले सशाचे. मी हत्ती होऊन दारात बसले आणि मुलं माझ्या सोंडेखालून जात होती. खरं सांगते, त्या अर्ध्या तासात मी विसरले होते.

मग पाट मांडला. ताटात पाच वाती. आमच्याकडे मेणबत्ती फुंकत नाहीत, ओवाळतात. प्रांजलीही ओवाळायची. गुंजन पाटावर बसेना. "मम्मी आल्यावर."

म्हटलं, पप्पा आल्यावर. "नाई. मम्मी. जनरल शिफ्ट साडेपाचले सुटते." घड्याळ वाचता येत नाही तिला, पण सुटण्याच्या वेळा सगळ्या पाठ.

मुलं केकभोवती बसून राहिली. शिल्पा माझ्याकडे बघे, मी भिंतीकडे. सुजयसारखीच.

साडेपाचला रस्त्यावर गाड्या सुरू झाल्या. गुंजन कांगारू हातात घेऊन फाटकाशी उभी. एकेक हेल्मेट निरखत होती. सुमेध आला, शिल्पाचा नवरा. त्यानं गाडी लावून हेल्मेट काढलं तोच — "काका, मम्मी पीछे आ रही है क्या?"

सुमेधनं माझ्याकडे पाहिलं आणि हेल्मेट परत घातलं. घरात गेला नाही, तसाच हेल्मेट घालून गाडीपाशी उभा राहिला.

मी पायरीवर बसले. गुडघा वाकत नाही तरी बसले. तिला ओढून घेतलं. म्हटलं, गुंजन, मम्मी नाही येणार.

"डबल लागली?"

नाही बाळा. मम्मी मेली. उन्हाळ्यात ताप आला होता ना, त्यात मेली.

मेली हाच शब्द वापरला. देवाघरी म्हटलं असतं तर तिथली शिफ्ट कधी सुटते ते विचारलं असतं तिनं.

"मग ड्युटी?"

ड्युटी नव्हती. आजी खोटं बोलली.

रडली नाही. मुखवटा उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. "मग हे कोण घालन?" मी तिचे सशाचे कान सारखे केले. ती म्हणाली, "गोलूले भूक लागली," आणि आत गेली. पाटावर बसली आपणहून. मी ओवाळलं. शिल्पानं खालून ताट धरलं. गुंजननं कासव कापलं, सगळ्यांना दिलं. एक तुकडा हातात धरून विचारलं, "पप्पा कुठाय?"

आणि मी म्हटलं — ड्युटीवर.

निघालं तोंडातून. देवा! आयुष्यभराची सवय. तेवढ्यातच शहाणी झाले होते मी, पायरीवर, दहा मिनिटांसाठी.

तिच्या हातातून केक पडला. मग ओरडली. असं ओरडणं मी तिच्या आईच्या वेळीही ऐकलं नव्हतं घरात. मुलं मुखवटे काढून उभी राहिली. मी सांगते आहे, अगं पप्पाची खरीच ड्युटी, येतो तो — पण माझ्यावर का विश्वास ठेवावा तिनं?

पावणेसातला सुजय आला. तोवर तिचा आवाज बसला होता. ती त्याच्या बुटावर बसली, दोन्ही हातांनी पाय धरून. त्याला तसंच ओढत घरात यावं लागलं. तो खाली बसला आणि रडला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. दोघं दारातच.

नंतर मला म्हणाला, "माझ्या जागेवरचा रिलीव्हर आला होता आई, टाइमवर. मी गेटबाहेर टपरीवर बसून होतो. पाय उठेना घरी यायले."

काय तोंडानं बोलू? तो पाच तास लपून बसला आणि मी आठ महिने लपवलं.

१४ डिसेंबर, शनिवार

फोटो लावला. खिळा सुजयनं ठोकला, हार गुंजननं घातला, त्याच्या खांद्यावर बसून. वाकडा आहे. राहू दे.

"मेली म्हणजे किती दिवस?" तिनं विचारलं. सुजयनं सांगितलं. या वेळी त्यानं सांगितलं.

१५ डिसेंबर

सुजय गेला की गुंजन फाटकाशी उभी. सहाला निघाला, ती दोनपर्यंत तिथेच. खाल्लं नाही. स्वेटर घालू देत नाही. मी "कामावर गेलाय" म्हणते, तो शब्द कधीच वापरत नाही. पण अख्खा रस्ता वापरतो. समोरचे निघताना बायकोला ओरडून सांगतात, ड्युटीवर चाललो गं! आणि ही कान झाकून घेते.

सुजय म्हणतो, होईन सवय. त्याला स्वतःला झाली आहे का?

१६ डिसेंबर, सोमवार

दुपारी सुमेध निघाला तर त्याच्या गाडीपुढे जाऊन उभी राहिली. "काका, मत जाओ." त्याला परत यायची वेळ लिहून द्यावी लागली तिच्या हातावर, पेननं. हात धुऊ देत नाही आहे.

१७ डिसेंबर, मंगळवार

सुजयचा गेट पास सापडत नाही. पहाटेपासून घर पालथं घातलं — बूट, खिसे, गादीखाली. साडेसहाला त्यानं मिलमध्ये फोन करून सांगितलं, आज येत नाही. आता पलंगावर गुंजनशेजारी झोपला आहे. तिचा पाय त्याच्या पोटावर आहे.

केर काढताना कांगारूचा मुखवटा दारामागच्या खिळ्यावरून पडला. पिशवी जड लागली. आत पास होता, पप्पाचा फोटो आतल्या बाजूला करून ठेवलेला.

मी पाहिला, तसाच आत ठेवला आणि मुखवटा पुन्हा खिळ्याला लावून दिला. पोळ्या तिघांच्या करायच्या आहेत.