ओट्याखालचे ठिपके

प्रिय दादा,

आज माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत. "झुरळ दिसलं की पलंगावर चढणारी तू, पेस्ट कंट्रोलचा धंदा काय करणार?" असं तू चारचौघांत म्हणाला होतास ना? मला पहिलं काम मिळालं, तेही तुझ्याच स्वयंपाकघरात. तू ऑफिसात असताना वहिनीने बोलावलं. ओट्याखाली झुरळं मारायच्या औषधी जेलचे ठिपके लावताना एक झुरळ थेट मनगटावर चढलं, पण मी हलले नाही. वहिनी म्हणाली, "हे असते तर एव्हाना पलंगावर असते."

तुला कळू देणार नाही असा तिला शब्द दिलाय, म्हणून हे पत्र माझ्या औषधाच्या पेटीतच राहणार. ते ठिपके मात्र घाण समजून पुसू नकोस रे.

तुझ्याइतकीच,
भित्री भागूबाई