गुरुवारचा गोल

२ नोव्हें. ७८, गुरु.
चार लोकांत माझं तोंड उघडत नाही. डॉक्टर म्हणतात, याला गोळीपेक्षा गट बरा. माझ्यासारखेच सहा-सात जण दर गुरुवारी गोल बसून बोलतात. माणसांना भिणाऱ्याला माणसांतच बसवायचं. गावी पोहायला असंच विहिरीत ढकलत. पण कमरेला दोर असे, आणि तो काकांच्या हाती. इथे कोणाच्या?

४ नोव्हें.
सौ. म्हणते, "जाऊन त पाहा जी. पोरीच्या बैठकीत बापाले बोलाच लागते."
खरं आहे. मागच्या स्थळाच्या बैठकीत मुलाकडच्यांनी विचारलं, तुमचा काय विचार? पान आणतो म्हणून उठलो, तो ते गेल्यावरच परतलो. बापाच्याच मनात नाही असं समजले. पोर, कुसुम, चहाच्या बशा विसळत बसली. आता काटोलचं स्थळ. तुळशीचं लग्न झालं की बैठक.
सायंप्रार्थनेत सर्वांबरोबर आवाज निघतो. एकट्याचा नाही.

९ नोव्हें., गुरु.
गेलो. दाराजवळची खुर्ची. डॉ. म्हणाले, इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. हे सांगावं लागतं म्हणजे कधीतरी गेलंच असेल. एका बाईंना कंडक्टरकडे तिकीट मागतानाही घाम फुटतो. ऐकून बरं वाटलं. दुसऱ्याच्या दुःखाने बरं वाटावं, हेही बरं नव्हे.
समोरचा, खांद्यावर दुपट्टा टाकलेला गृहस्थ सारखा माझ्याकडे बघत होता. संत्र्याचा व्यापारी, काटोलचा. मी आडनाव सांगायला नको होतं.

१० नोव्हें.
मुलाकडच्यांनी माणूस पेरला असेल? सौ. हसली. "काटोलात दुसरे काम नाही काय लोकाइले?"
डॉ.ना म्हटलं, मला एकट्यालाच तपासा. म्हणाले, "या की. पण बैठकीत समोर मी एकटाच असणार आहे का?" पटलं. पण गटावर विश्वास बसला नाही.

१६ नोव्हें., गुरु.
सुटल्यावर दुपट्टेवाल्याने पायरीवर गाठलं. "तुमी पोरीकडचे ना जी?"
मुलाचा मामा निघाला. मुलाला वडील नाहीत, बैठकीत बोलायचं यालाच. "घरी मंडीत काम हाये म्हून सांगतो. कोनाले बोलू नका. त्या दिवशी तुमाले पाहून माही बोबडीच वळली."
म्हणजे दोन्हीकडून बोलणारे आम्हीच. की माझ्या मनातलं काढून घ्यायला रचलेलं? पण कपाळावर घाम होता. घाम रचता येत नाही. येतो का?

२३ नोव्हें., गुरु.
बैठक रविवारी. जावं की नाही, दुपारपर्यंत ठरेना. देवापुढे बसलो, मग निघालो. दवाखान्याच्या फाटकाशी मामा उभाच होता.
"चाला ना पुढे."
"नाही, तुम्ही व्हा."
"असेच रविवारी उभे राहू काय, व्याही?"
आत तो आधी बोलला, अडखळत. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. माझी पाळी येता येता वेळ संपली, की मीच संपू दिली. निघताना त्याने नुसती मान हलवली.
रविवारी आधी कोणी बोलायचं, ते आमचं ठरलेलं नाही.