अडतीस अंशांचा मोर

१४ ऑगस्ट, संध्याकाळ

डायरीची माफी मागतो. फेब्रुवारीतल्या शेवटच्या पानावर 'उद्यापासून नियमित' असं लिहिलं आहे. पुढे सगळं कोरं. कामं फार होती असं लिहिणार होतो, पण इथे तरी खोटं कशाला? कामं नव्हती. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं.

आता घडलं आहे. मोहिनीला अंबाजोगाईला फार्मसीला प्रवेश मिळाला, होस्टेलही मिळालं. म्हणजे पोरीच्या क्लाससाठी दोन वर्षांपूर्वी मायलेकींना बीडला घेऊन दिलेली खोली आता नको. योगिता अजून त्या खोलीतच आहे. तिथल्या क्लासच्या ऑफिसात काम करते. फोन करून विचारलं, दिंद्रुडला परत केव्हा येतेस? म्हणाली, "आधी त्या जिन्याला कठडा लावा. सात वर्षं झाली सांगायलेय. मंग बघू."

'मंग बघू' याचा अर्थ काय, यावर दुपारपर्यंत विचार केला. माझ्या मते होकार.

संकल्प: दसऱ्याच्या आत कठडा.

१५ ऑगस्ट

त्या सात वर्षांबद्दल माझी बाजू लिहून ठेवतो. कठडा मी टाळला नाही. डिझाइन मनासारखं सुचत नव्हतं. नुसता पाइप कुणीही लावतो. मी बी.एस्सी., गणित. गावातल्या निम्म्या लग्नपत्रिका आणि सगळे फ्लेक्स माझ्या दुकानातून जातात. माझ्याच जिन्याला पाइप? योगिता ओल्या कपड्यांची बादली घेऊन घसरली होती हे खरं. पण पाय मुरगळला होता, मोडला नव्हता.

आता सुचलं आहे. पत्र्यात कापलेला कठडा. जिन्याच्या उताराबरोबर जाणारी एक तिरपी पट्टी. पट्टीच्या वर मोर आणि खाली त्याचंच प्रतिबिंब, तळ्याकाठी दिसतं तसं. जोडी. सुग्रीव वेल्डर परळीहून मशीनवर पत्रा कापून आणणार. मी फक्त फाइल द्यायची. चार दिवसांचं काम.

२१ ऑगस्ट

मोर झाला. पिसारा तर फारच चांगला आला.

अडचण आरशाची आहे. सॉफ्टवेअरमध्ये आरशाची बटणं दोनच, एक आडवं, एक उभं. तिरपं नाही. घराचं चित्रही मी मापात काढून घेतलं आहे, त्यामुळे एक बटण दाबलं की दुसरा मोर शेजारच्या जानकीबाईंच्या गच्चीवर जातो. दुसरं दाबलं की न्हाणीच्या पत्र्यावर.

उपाय मी स्वतः शोधला. (एका हिंदी व्हिडिओच्या मदतीने. बरं, व्हिडिओनेच शोधला.) जिना अडतीस अंशांत आहे. आधी सगळं चित्र अडतीस अंश खाली फिरवायचं, म्हणजे पट्टी आडवी होते. मग आरशाचं बटण. मग सगळं चित्र पुन्हा अडतीस अंश वर. केलं. मोर पट्टीखाली बरोबर जागेवर येऊन बसला. इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं. दुकानात कुणी नव्हतं.

२४ ऑगस्ट

बसला नाही. आडवा झाला आहे.

त्या दिवशी आनंदात लक्षात आलं नाही. वरचा मोर सरळ उभा आहे, पण तिरप्या आरशात उभा मोर उभा राहत नाही, जवळजवळ जमिनीला टेकतो. कागदावर गणित केलं. गणित बरोबर आहे. मोर मात्र वाईट दिसतो.

सुग्रीव आला. स्क्रीनकडे बघून म्हणाला, "अभिमन्यूभाऊ, वरचा लई झकास हाय. खालचा काहून मेला?" मी प्रतिबिंबाचा नियम समजावला. म्हणाला, "म्हंजे आरशात बघून मेला व्हय!" एकटाच हसला. मंगळवारी परळीला चाललोय, फाइल देता का, म्हणून विचारलं. पुढच्या मंगळवारी नक्की, असं सांगितलं.

३१ ऑगस्ट

मोहिनीला व्हॉट्सॲपवर चित्र पाठवलं. तिचा लगेच फोन. आधी विचारलं, "पप्पा, एक झोपलाय का?" मग म्हणाली, "आईला नुसता पाइप बी चालंल, पप्पा. ओल्या पायानं उतरताना धरायला पायजे फक्त." लहान आहे. सौंदर्यदृष्टी वयाने येते. आईला काही सांगू नको, सरप्राइज आहे, असं बजावलं. ती म्हणाली, "सात वर्षांचं सरप्राइज?" आणि मेसची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

मुलगी हजरजबाबी आहे. आईवर गेली आहे.

९ सप्टेंबर

जिना पुन्हा मोजला. धक्का. खालच्या पायऱ्या छत्तीस अंशांत, वरच्या चाळीस. मिस्त्रीने मन लावून काम केलं नाही. आता आरसा नेमका कुठे धरायचा? सरासरी अडतीस येते, पण सरासरी ही तडजोड आहे आणि योगितासाठी मला तडजोड करायची नाही.

सुग्रीव आजही फाइल न घेता परळीला गेला. जाताना म्हणाला, "तुमी मोर सांभाळा भाऊ. मी तवर कोंबड्याच्या शेडचं काम धरतो."

२२ सप्टेंबर, घटस्थापना

योगिताला फोन केला. काम शेवटच्या टप्प्यात आहे, असं सांगितलं. तिने विचारलं, कसलं काम? कठड्याचं. "आजून न्हाई लावला?" मग, "जेवलात का?"

जेवलो म्हणालो. जेवलो नव्हतो. पण तिने विचारलं, ही जमेची बाजू.

दुपारी नवी कल्पना. वरचा मोर सरळ उभा न करता उताराला काटकोनात उभा करायचा, म्हणजे जोडी सारखी दिसेल. केलं. सारखी दिसते. वरचा जिन्यावरून मागे पडतो आहे आणि खालचा आधीच डोक्यावर आपटला आहे.

जुनी जोडी परत आणली. आता तिची सवय झाली आहे. तो मोर मेलेला नाही, विसावलेला आहे.

२ ऑक्टोबर, दसरा

योगिता आली. न कळवता, अकराच्या एसटीने. आपट्याची पानं हातात दिली. मीही दिली.

वरच्या खोलीतलं शिलाई मशीन न्यायला आली होती. बीडला शेजारच्या बायका ब्लाउज शिवायला देतात. खोली आणखी वर्षभर ठेवली आहे. हे तिने जिना चढता चढता सांगितलं, त्यामुळे मला नीट ऐकू आलं नसेल असं वाटलं. नीट ऐकू आलं होतं.

मशीन कडेवर घेऊन ती एकटीच उतरली. मोकळ्या बाजूकडे न बघता, दुसरा हात भिंतीवर घासत, एकेक पायरी. मी कॉम्प्युटर चालू करायला खाली दुकानात धावलो होतो, नाहीतर उचलू लागलो असतो. दारातून बघत होतो. स्क्रीन उजळायला वेळ लागतो.

तिला मोर दाखवले. बराच वेळ बघत राहिली. पिसाऱ्याला चांगलं म्हणाली. मग विचारलं, "ह्यातली मी कंची? वरची का आडवी?" मी म्हणालो, तसं काही नाही, मोर एकच आहे, दुसरं त्याचंच प्रतिबिंब.

"म्हंजे दुसरं कुणी न्हाईच."

मी म्हणालो, तांत्रिकदृष्ट्या नाही.

'तांत्रिकदृष्ट्या' म्हणायला नको होतं.

ती हसली, पण रागाने नाही. "पिठाचा डबा झाकून ठेवत जावा, सोंडे झालेत," म्हणाली. चारच्या गाडीने गेली. स्टँडपर्यंत मशीन मी नेलं. फार जड आहे.

३ ऑक्टोबर, सकाळ

तिची चादर वर राहिली आहे. मुद्दाम ठेवली असावी. नाही, विसरली असावी.

चादर घेऊन उतरताना भिंतीकडे लक्ष गेलं. चुन्यावर एक मळकट तिरपी रेघ आहे, खालच्या पायरीपासून वरपर्यंत. तिच्या तळहाताची. रंग देताना पुसून काढू असं मी मागे एकदा म्हणालो होतो. पायऱ्या कमीजास्त आहेत, रेघ कुठेही चुकलेली नाही. फोन रेघेला टेकवून कोन पाहिला. अडतीस.

माझा हात रेघेवर ठेवून उतरून पाहिलं. मला थोडं वाकावं लागतं.

कठडा लागला की ती येईल, असं लिहिणार होतो. लिहीत नाही. मशीनसाठी आली, तशी दिवाळीत मोहिनीबरोबर आणखी कशासाठी तरी येईल. वर जाईल, उतरेल.

उद्या: सुग्रीवला साधा पाइप सांगणे, मोकळ्या बाजूला, रेघेच्या उंचीवर.