तळ्याखालचा ज्वालामुखी आणि माझं कपाट

चि. धाकट्या,

ताईचे आशीर्वाद. (दात-ओठ खाऊन देते आहे, तरी लागू पडतील.) तुझी कंबर कशी आहे? शिलाई मशीनवर वाकून बसू नकोस म्हणून वीस वर्षं सांगते आहे, पण तू ऐकशील तर शपथ. आम्ही सगळे ठणठणीत. तू फोन उचलत नाहीस, दिवसभर त्यावर ज्वालामुखीचे व्हिडिओ बघतोस, म्हणून हे पत्र. काल तुझ्या बायकोने मला फोन केला. म्हणाली, "ताई, शनिवारी हे दुकानाच्या विक्रीवर सही करणार. म्हणतात, तुमच्या तळ्याखालचा महाज्वालामुखी फुटणार, अर्धं जग राखेखाली जाणार, आपण लांब निघून जाऊ." अरे, अर्धं जग जाणार तर लांब म्हणजे कुठे? आणि बाबांनी ज्या दुकानात तुला कात्री धरायला शिकवली, ते तू एका व्हिडिओपायी विकतोस?

आता नीट वाच. मी चौथीत शाळा सोडली, पण हा तळ्याखालचा आगीचा डोंगर मोजायची जी कचेरी आहे तिथली फरशी बारा वर्षं मीच पुसते. त्यामुळे या विषयातलं आपल्या घरात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. कचेरीच्या तळघरात एक यंत्र आहे. जमीन एवढीशी हलली तरी वरच्या पडद्यावर रेघ उडी मारते. म्हणून नियम असा, की तळघरात जाणाऱ्याने दाराशी ठेवलेल्या वहीत वेळ लिहायची, म्हणजे माणसाने हललेली रेघ कुठली आणि जमिनीने हललेली कुठली ते कळतं. मी काही लिहीत नसे. (पुसायला लागतो त्यापेक्षा मला लिहायला जास्त वेळ लागतो.) मागच्या मंगळवारी तिथल्या लोखंडी कपाटामागे कोळ्याची जाळी दिसली. जाळी दिसली की मला राहवत नाही, तुला माहीत आहे. भिंतीला पाय दिले, कपाटाला पाठ लावली आणि सरकवलं. तीन रेट्यांत! दोन गडी लागतात त्याला. वर रेघेने तीन उड्या मारल्या. कुणा उपटसुंभाने पडद्याचा फोटो काढून बाहेर पाठवला. तुझा तो व्हिडिओतला दाढीवाला ज्या तीन उड्यांवर बोट ठेवून "शेवट जवळ आला" म्हणून ओरडतो ना, त्या तीन उड्या म्हणजे तुझी थोरली बहीण.

अर्धा दिवस कचेरीत नुसती धावपळ. तळ्याभोवतीची बाकीची यंत्रं गप्प, हे एकटंच कसं बोललं? शेवटी मोठ्या बाईंनी (आमच्या मुख्य शास्त्रज्ञ) सगळ्यांना उभं करून विचारलं. मी सरळ सांगितलं, मी हलवलं, जाऊन मागे बघा किती लख्ख झालंय. बाई चष्मा काढून हसल्या. मग काल तुझ्या बायकोचा फोन आल्यावर मी त्यांनाच विचारलं, बाई, माझा भाऊ दुकान विकायला निघालाय, खरं काय ते एकदा सांगा. त्या म्हणाल्या, डोंगर जिवंत आहे, ती काही थाप नाही. पण एवढा मोठा स्फोट हजारो वर्षांत एखादा. उद्याच होणार म्हणणारा फेकतो आणि कधीच नाही म्हणणाराही फेकतो. आधी जमीन फुगते, धक्के वाढत जातात, बहुधा बरंच आधी कळतं, त्यासाठीच तर आम्ही बसलोय. आणि तुमचं कपाट सोडलं, तर वर्षभरात काहीही विशेष नाही.

वाचलंस? वर्षभरात डोंगराला जमलं नाही ते मी एका सकाळी केलं. ती रेघ आता चौकटीत घालून दाराशी लावली आहे, खाली लिहिलंय "सफाई विभाग". (विभागात मी एकटीच.) हल्ली मी वहीत वेळ लिहिते, पूर्ण नावासकट. दोन ओळी लागतात, लागू देत.

तेव्हा सही करायची नाही. शनिवारी दुकान उघडायचं, कात्रीला धार लावायची आणि बायकोची माफी मागायची.

तुझी
ताई

ता. क. पुढच्या सोमवारी शाळेची मुलं कचेरी बघायला येणार आहेत. रेघ कशी वाचायची ते मी सांगणार, बाईंनीच नेमलंय. तिथे सगळे पांढरा लांब कोट घालतात. मलाही एक शिव. खिसा फडकं मावेल एवढा. दुसऱ्या कुठल्या शिंप्याला माझं माप द्यायला मी जाणार नाही.

पुन्हा ता. क. कापड न चुरगळणारं घे. तळ्याकाठच्या घरांनी टॉर्च, औषधं, कागदपत्रं अशी एक पिशवी भरून ठेवावी, असं बाई म्हणतात. माझी सहा वर्षं दाराशी भरलेली आहे. कोट घडी करून तीत मावला पाहिजे.